वरची कोरी ओळ

“हे अक्षर तुमचंच ना, म्मे?” वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं ‘म्मे’ म्हणत प्रांतांच्या हद्दी ठरवणाऱ्या कचेरीतल्या साहेबाने कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला.

मापुलेंगबाईंनी चष्मा चढवला. अक्षर त्यांचंच होतं. पट्टीने मारलेल्या रेघा, एकपासून तीनशे बारापर्यंत नावं, पुढे सह्या आणि अंगठे. गावच्या अंत्यविधी मंडळाच्या त्या बावीस वर्षं चिटणीस. सह्या झाल्याशिवाय आमच्याकडे ना बैठक उठते ना मयत, आणि वही त्यांच्याशिवाय कुणाच्या हातात जात नाही.

“माझंच. तुमच्या हद्दीच्या सुनावणीला आलेल्यांची हजेरी आहे ही.”

“वर वाचा.”

वर छापलं होतं : ‘गाव शेजारच्या प्रांतात घालण्यास संमती असलेले ग्रामस्थ.’

“अहो, ही ओळ कोरी होती! तुमचाच माणूस म्हणाला, मथळा आम्ही टाकतो, तुम्ही फक्त सह्या घ्या. आमचा दवाखाना इकडे, पेन्शन इकडे. तीनशे बारा माणसं घसा फोडून नाही म्हणाली त्या दिवशी!”

“ते कागदावर कुठंय?”

मापुलेंगबाईंनी कपाळावर हात मारला.

“हद्द ठरली, म्मे. आता तक्रार नव्या प्रांताच्या राजधानीत करायची.”

“म्हणजे आम्हाला तिकडे जायचं नाही, हे सांगायला बसने दिवसभर तिकडेच जायचं?”

साहेबाला यात काही वावगं दिसेना. उलट त्याने टेबलावरची भेटीला येणाऱ्यांची वही पुढे केली. “आलात तशी सही करून जा.”

जन्मात पहिल्यांदा मापुलेंगबाई सही न करता उठल्या.

गावात येऊन त्यांनी काही लपवलं नाही. सगळं ऐकून सेखोन्याना नावाचे म्हातारे काठी आपटत म्हणाले, “आम्ही नाही म्हणून बोंबललो, आणि तू सगळ्यांचं हो लिहून दिलंस? शाबास, बाई!”

“न्ताते,” वडीलधाऱ्या पुरुषाला म्हणतात तसं त्या म्हणाल्या, “मला काय ठाऊक—”

“तुला नाही तर कुणाला? तू बोट ठेवायचीस तिथे आम्ही डोळे मिटून सही करायचो.”

फार लागलं त्यांना ते.

पुढच्या शनिवारी गावात मयत होती. नेहमीप्रमाणे मापुलेंगबाईंनी फाटकापाशी टेबल मांडलं, वही उघडली. रांगेत पहिली मालेराटो होती, त्यांची लहानपणापासूनची मैत्रीण. तिने पेन घेतलं आणि तशीच उभी राहिली.

“वर काय लिहिलंयस?”

“मालेराटो, अगं, मी आहे.”

“तू आहेस म्हणूनच आजवर विचारलं नाही. मला वाचता येत नाही, तुला ठाऊक आहे. वाच.”

मापुलेंगबाई उभ्या राहिल्या. वरच्या ओळीवर बोट ठेवून वाचू लागल्या.

“‘मामोसा रामोखेले यांच्या अंत्यविधीला हजर.’ एवढंच आहे.”

मालेराटोने सहीच्या जागी फुली मारली आणि मान खाली घालून आत गेली. मागचा माणूस पुढे आला. त्याला वाचता येत होतं, तरी तो थांबला.

मापुलेंगबाईंनी पुन्हा वाचलं. रांग रस्त्यापर्यंत गेली होती. त्या खाली बसल्या नाहीत. शेवटच्या माणसापर्यंत प्रत्येकाला वरची ओळ वाचून दाखवत राहिल्या.