सिनेमाला गेलेला टाळ

मी एक जुना टाळ आहे. खरं म्हणजे आम्ही दोघे आहोत, पण एका दोरीने बांधलेले असल्यामुळे मी स्वतःला एकटाच समजतो. मित्रांनो, तुम्ही मला देवळात पाहिलं असेल, कीर्तनात ऐकलं असेल. पण सिनेमाच्या थिएटरात जाऊन आलेला टाळ तुम्हाला सहसा भेटायचा नाही. मी जाऊन आलो आहे. एकदा नाही, तीनदा. आणि तिथून जे घेऊन आलो, तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म सोनगीरचा. एका कारागिराने मला भट्टीत वितळवलं, साच्यात ओतलं, घासूनपुसून कानाशी धरून वाजवलं आणि म्हणाला, "हा बोलेल." पारोळ्याच्या पलीकडच्या एका गावातले रुपचंद नाना मला विकत घेऊन गेले. नाना गावच्या सप्ताहात टाळकरी म्हणून उभे राहत. नाना गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी ताईबाई मला हातात घेऊन त्यांच्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्या. काही लोकांनी भुवया उंचावल्या. पण जीवरामबुवांनी अभंगाचा पहिला चरण घेतला, ताईबाईंनी मला नेमक्या जागी वाजवलं, आणि भुवया आपोआप खाली आल्या. तेव्हापासून ओळीतली शेवटची जागा त्यांची.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. टाळाला संशयी असावंच लागतं. मृदंग पुढे पळतो आहे का? शेजारचा टाळ मागे पडतो आहे का? बुवा आता थांबणार की आणखी एक दृष्टान्त देणार? सारखा कान लावून बसावं लागतं. ती सवय कीर्तन संपल्यावरही जात नाही.

मग ताईबाईंचे गुडघे दुखू लागले आणि त्यांचा मुलगा प्रेमराज त्यांना धुळ्याला, देवपूरला आपल्या घरी घेऊन आला. कापडी पिशवीत मी, जपमाळ आणि सुपारीची डबी, असे आम्हीही आलो. घर चांगलं होतं. सून दिपमाला हसतमुख होती. मला तेच खटकलं. जो माणूस विनाकारण हसतो, त्याच्या मनात काहीतरी असतं, असं माझं मत.

मला लगेच पुरावेही मिळू लागले. आल्या आल्या तिने माझी पिशवी कपाटावर ठेवली. एकदा ती दारावरच्या भांडेवालीला विचारत होती, "जुनं पितळ घेता का हो?" तिच्या हातात फुटकी घागर होती हे खरं, पण तिची नजर कपाटाकडे गेली, ती मी पाहिली.

आणि एके दिवशी दुपारी फोन वाजला. जीवरामबुवांचा आवाज एवढा मोठा की कपाटावरही ऐकू आला. "ताईबाई, सप्ताह जवळ वना. काल्याना कीर्तनले उभी ऱ्हाशी ना? नही त जागा दुसराले द्यावी लागी." ताईबाई फोन घेऊन गॅलरीत गेल्या. पुढचं मला ऐकू आलं नाही. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता, आणि समोर दिपमाला उभी होती. मी काय समजायचं ते समजलो. हिनेच नको म्हणायला लावलं! सून आली आडवी!

त्यानंतर ताईबाई भिंतीकडे तोंड करून बसू लागल्या. मोरीपर्यंत जातानासुद्धा भिंत धरू लागल्या. आणि दिपमालाने काय करावं? ती म्हणाली, "आक्का, चला, आपण सिनेमाला जाऊ."

आता तुम्हीच सांगा मित्रांनो, संशय येणार नाही तर काय होईल? कीर्तन सोडवायचं आणि सिनेमा लावायचा! पण ताईबाई पिशवीशिवाय घराबाहेर पाऊल टाकत नाहीत, त्यामुळे मीही निघालो. म्हटलं, बघू तरी.

थिएटरच्या दारात छगन नावाचा पहारेकरी होता. त्याने पिशवीत हात घातला आणि विंचू चावल्यासारखा मागे घेतला.

"आजी, हे काय?"

"टाळ शे भाऊ."

"टाळ? सिनेमाला?"

"तुले काय वाटनं, बाँब शे?"

छगनने मला उलटंसुलटं करून पाहिलं. माझ्यासारखाच संशयी माणूस. मला तो आवडला. "आत वाजवू नका," एवढंच बजावून त्याने सोडलं.

आत गेलो आणि दिवे गेले. कीर्तनात गोष्ट सांगायची तर आधी दिवे लावतात. इथे गोष्ट सांगायची म्हणून दिवे घालवतात. जो अंधार करून काही दाखवतो, त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा?

पहिला सिनेमा कुटुंबाचा होता. मोठं घर, मोठा जिना, आणि त्या जिन्यावर भरजरी कपडे घालून रडणारी माणसं. मुलगा घर सोडून जातो, बऱ्याच गाण्यांनंतर परत येतो, आईच्या पाया पडतो आणि सगळं गोड होतं. दिपमालाचा पदर ओला झाला. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "कसा वाटला, आक्का?"

"बठ्ठा रडी ऱ्हायनात," ताईबाई म्हणाल्या, "पन सैपाक कोन करी ऱ्हायनं? इतला लोके सेत, एकनी बी चूल पेटाडी नही."

"आक्का, सिनेमा आहे तो!"

"म्हनीसन भूक लागत नही? आनि पोऱ्या पाया पडना की लगेच बठ्ठं माफ? घरमा असं व्हत नही वं. घरमा पहिले दोन दिन कोनी बोलतच नही."

दिपमाला रस्त्यात उभी राहून हसली. मला वाटलं, हरली. पण ती हरणारी नव्हती. पुढच्या आठवड्यात तिने जादूचा सिनेमा निवडला. त्यात एक राजकुमार होता. तो उडायचा, वाघाशी बोलायचा, आणि बोटातली अंगठी फिरवून त्याने अख्खा डोंगर उचलला. सगळी पोरं श्वास रोखून पाहत होती. ताईबाईंनी सुपारी कातरायला घेतली.

"आता हा डोंगर ठेवी कथा?" त्या मोठ्याने म्हणाल्या.

पुढच्या रांगेतल्या माणसाने मागे वळून पाहिलं. "आजी, जरा हळू."

"तू बी सांग ना भाऊ, कथा ठेवी?"

डोंगर कुठे ठेवणार, हे तो माणूसही पडद्यावर शोधू लागला.

रिक्षातून घरी येताना ताईबाई म्हणाल्या, "दिपा, आपला देवनी डोंगर उचला, तव्हय खाले गाया व्हत्यात, गवळी व्हतात, त्यासना लेकरं व्हतात. म्हनीसन उचला. याना डोंगरखाले कोनीच नही. रिकामा डोंगर उचलामा काय शे?"

दिपमाला म्हणाली, "हे मला कधी सुचलंच नव्हतं." आणि तिने ताईबाईंचा हात हातात घेतला. मी पिशवीतून पाहिलं. हात धरण्याची ही कुठली रीत, म्हणून मला आणखी संशय आला.

तिसरा सिनेमा मारामारीचा. असा गोंगाट मी भर काल्यातसुद्धा ऐकला नव्हता. गाड्या उडत होत्या, माणसं भिंतीतून आरपार जात होती. थिएटरात शिट्ट्या चालल्या होत्या. कोणी कागदाचे तुकडे उधळत होतं. ताईबाईंनी पिशवीत हात घालून माझी दोरी बोटांत गुंडाळून घेतली होती. गडबडीत त्या असंच करतात.

"दृष्टान्तवर दृष्टान्त चालनात," त्या पुटपुटल्या, "पन अभंग कोनता धरेल शे, तेच समजत नही. आनि ज्यासले मारं, त्यासले दवाखानामा कोन ली जाई?"

आणि मग ते घडलं.

हीरो खाली पडला होता. सगळे म्हणाले, संपला. मग तो हळूहळू उठला, पडद्याच्या मधोमध आला आणि त्याने दोन्ही हात वर केले. त्याच क्षणी सगळी वाद्यं थांबली. एकदम शांतता.

मित्रांनो, कीर्तनात बुवा असे दोन्ही हात वर करतात आणि मृदंग थांबतो, तेव्हा त्याचा एकच अर्थ असतो. टाळकऱ्यांनो, उचला! तिथे विचार करायला वेळ नसतो. विचार करील तो टाळकरीच नव्हे. ताईबाईंच्या हाताला ती खूण इतक्या वर्षांची ठाऊक. त्या ताडकन उठल्या. हो, त्याच ताईबाई, भिंत धरून मोरीत जाणाऱ्या. पिशवी खाली पडली, मी वर गेलो आणि अंधारात खणखणीत वाजलो. त्यांच्या तोंडून विठ्ठलाचा गजर निघाला.

मागून एक म्हातारा आवाज आला, "विठ्ठल, विठ्ठल!" मग डावीकडून. बघता बघता अर्धं थिएटर टाळ्यांवर ताल धरून गजर करू लागलं. शिट्ट्याही होत्याच, पण ताल सोडून नव्हत्या, एवढं मी छातीठोकपणे सांगतो. पडद्यावर हीरो मारत होता, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

छगन बॅटरी घेऊन धावत आला. "आजी, मी सांगितलं होतं ना! द्या ते इकडे." त्याने मला ताईबाईंच्या हातातून काढून घेतलं. आता मी गेलोच, असं मला वाटलं. दिपमालाच्या मनासारखं झालं.

पण दिपमाला उठून आडवी उभी राहिली. "दादा, तो टाळ परत द्या."

"वहिनी, आत आवाज चालत नाही."

"आवाज चालत नाही? मघापासून ही पोरं शिट्ट्या मारताहेत, कागद उधळताहेत, त्यांना बॅटरी दाखवली का? माझ्या सासूने देवाचं नाव घेतलं तेवढंच तुम्हाला ऐकू आलं? तो टाळ माझ्या सासऱ्यांचा आहे. घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही, आणि मी हलले नाही तर मागच्या चार रांगांना सिनेमा दिसणार नाही."

मागच्या रांगा ओरडल्या, "दे रे भाऊ, दी टाक!" छगनने मला देऊन टाकलं. देताना हळूच म्हणाला, "वाजवला मात्र झकास, आजी."

बाहेर पायरीवर दोघी बसल्या. दिपमालाने पदराने मला पुसलं आणि विचारलं, "आक्का, तुम्ही उभ्या राहिलात. न धरता. मग बुवांना नाही का म्हणालात?"

ताईबाईंचे डोळे भरले. "उठनं सोपं शे, माय. शेवटलोंग उभं ऱ्हानं कठीन शे. टाळकरीनी मधमाच बसी जावं, त बठ्ठं गाव काय म्हनी? मी बुवाले सांगं, सून धाडत नही. तुनं नाव पुढे करं मी."

माझे सगळे पुरावे खोटे निघाले.

दिपमाला म्हणाली, "अच्छा! म्हणून पारोळ्याच्या बाजारात तुमच्या गावची मंजुळाबाई मला पाहून तोंड फिरवून गेली होय! मी म्हटलं, मी तिचं काय घोडं मारलं?" आणि ती हसायला लागली. ताईबाई घाबरून तिच्याकडे पाहत राहिल्या. दिपमालाने फोन काढला आणि लावला.

"बुवा, मी ताईबाईंची सून. हो, तीच, न पाठवणारी. चुकलं माझं. आक्कांची जागा कोणाला देऊ नका. मी स्वतः घेऊन येते."

फोन ठेवल्यावर ताईबाई म्हणाल्या, "तुनी कसाले चुकलं म्हनं? चूक त मनी शे."

"एवढे सिनेमे पाहिले, आक्का. थोडं नाटक मलाही जमतं."

किती सहज खोटं बोलली! माझा संशय पूर्ण गेला, असं मी म्हणणार नाही.

काल्याच्या दिवशी सकाळी गावात मंडप भरला. जीवरामबुवांच्या मागे टाळकऱ्यांची ओळ लागली. शेवटच्या जागेवर ताईबाई, आणि त्यांच्या दंडाला धरून दिपमाला. चरण झाला, निरूपण झालं. ताईबाई उभ्या होत्या. कथेत गाई आल्या, गवळी आले, शिदोऱ्या सुटल्या. मग माझा ताल हलू लागला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं नाही. मला दिपमालाच्या हातात दिलं, म्हणाल्या, "धर माय," आणि ओळीतून उतरून समोर श्रोत्यांत जाऊन बसल्या.

दिपमालाने मला वाजवलं. कसं वाजवलं, ते विचारू नका. बुवांनी मागे वळून पाहिलं. "सूनबाई, सावकाश. हाई मारामारीना सिनेमा नही." सारा मंडप हसला. मंजुळाबाई सगळ्यांत मोठ्याने हसली आणि सरकून ताईबाईंना टेकायला जागा दिली.

ताईबाई मात्र हसत नव्हत्या. त्या बुवांकडे टक लावून पाहत होत्या. कीर्तन संपल्यावर दिपमालाने विचारलं, "आक्का, वाईट वाटलं का, बसावं लागलं म्हणून?"

"नही वं," त्या म्हणाल्या. "इतला वरीस मी मांगे उभी ऱ्हायनू. बुवानी पाठच दखी. देवनं नाव लेताना त्यान्हा डोया भरी येतस, हाई माले आज समजनं."

मित्रांनो, तुमच्या घरी कुठे टाळ, चिपळ्या कापडात बांधून ठेवल्या असतील, तर खाली काढा. चिंच लावून घासा, दोरी बदला. आणि घरातलं म्हातारं माणूस जेव्हा म्हणेल, "नको, मला आता जमत नाही," तेव्हा एक टाळ सांगतो आहे म्हणून ऐका. बाकी कोणावर घेऊ नका, पण त्या 'नको'वर जरूर संशय घ्या.