आप्पा शेजारच्या सीटवर

थोरल्या लेकीने ट्रकचं एक दार उघडून धरलं होतं, तरी आप्पा सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे वळले. हँडलला हात लागल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

"तिकडून नाही आप्पा, इकडून."

"ठाऊक आहे गं. टायर बघत होतो."

आप्पांनी उभी हयात ट्रक चालवला. मग गुडघ्याने दगा दिला, क्लचवर पाय ठरेना आणि डॉक्टरांनी स्टिअरिंग सोडायला लावलं. आता आईवडिलांनी आपल्या गावी, आपल्याजवळ राहावं म्हणून थोरली त्यांचं बिऱ्हाड न्यायला आली होती. ती एका फर्निचरच्या कारखान्यात ट्रकवर ड्रायव्हर होती. कपाटं नि पलंग घरोघर पोचवायची. सुट्टीच्या दिवसापुरता मालकाने ट्रक दिला होता. आई नव्या घराची झाडलोट करायला आदल्या दिवशीच बसने पुढे गेली होती.

गाव मागे पडेपर्यंत आप्पांनीच ट्रक चालवला म्हणायचा. पाय रिकाम्या जागेत ब्रेक दाबत होता, तोंड चालूच. "गिअर बदल… हां… सायकलवाला आहे पुढे… अगं, सायकलवाला!"

"आप्पा, एक तर तुम्ही चालवा, नाहीतर मला चालवू द्या."

आप्पांनी ब्रेक दाबणारा पाय मागे घेतला. हाताला काम नाही, तोंडाला काम नाही. करणार काय, तर खिडकीतून बाहेर बघायला लागले.

"अगं, इथे टेकडी आहे!"

"आहे की. आज आली नाही ती."

"शेकडो खेपा केल्या मी या रस्त्याने. मला कशी नाही दिसली?"

"तुम्ही रस्ता बघत होतात."

खरंच होतं ते. कुठल्या वळणाला गाडी ओढते आणि कुठला खड्डा चुकवायचा, हे आप्पा झोपेतसुद्धा सांगू शकले असते. पण रस्त्याच्या कडेला जगही आहे, हे त्यांना आजच कळत होतं. शाळेच्या भिंतीवर पंखवाले मासे रंगवलेले दिसले, तेव्हा त्यांनी हसत मांडीवर थाप मारली. सूर्यफुलांचं शेत आलं, तर मान वळवून वळवून ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले. प्रत्येक वेळी "बघ, बघ!" म्हणून तिच्या दंडाला धरत होते आणि तिने बघितलं की ओरडत होते, "तू पुढे बघ!"

एका चढानंतर ते खिडकीला अगदी चिकटून बसले.

"इथे तळं आहे म्हणतात," ते हळूच म्हणाले. "माझा क्लीनर दर खेपेला सांगायचा, उस्ताद, तळं बघा. मी म्हणायचो, तळं तू बघ, मला वळण बघू दे."

वळण संपलं आणि खाली तळं दिसलं. लांबच लांब, काठाला पांढरे पक्षी.

"थांबव," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज असा काही लागला, की थोरलीने मुकाट्याने इंडिकेटर दिला आणि कच्च्या वाटेने ट्रक खाली घेतला.

आप्पा चपलांसकट पाण्यात शिरले. थोरलीने बूट काढले आणि तीही शिरली. दोघं पोटरीभर पाण्यात उभं राहून वाटेसाठी आणलेली केळी खात होती आणि का कोण जाणे, खो खो हसत होती.

निघताना मागचं चाक रुतलं. थोरलीने अ‍ॅक्सिलरेटर दाबला तसं ते जागच्या जागी फिरत आणखी खाली गेलं. आप्पांचे हात शिवशिवले. ते तिच्या दाराशी आले, दार उघडायला हात वर केला आणि मग तोच हात खिशात घातला.

"बोल," ते म्हणाले. "काय करू?"

असं त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं. थोरलीने खिडकीतून वाकून मागे बघितलं. "चाकाखाली काहीतरी घालायला हवं."

आप्पांनी मागचं फाळकं उघडलं आणि गुंडाळलेला एक जाडजूड गालिचा ओढून काढला. लाल रंग, त्यावर हरणं. मामाने आईला भेट दिलेला.

"आप्पा! आई जीव घेईल."

"माझा घेईल. तू गाडी काढ." त्यांनी तो इतक्या उत्साहाने चाकाखाली कोंबला, की थोरलीला संशयच आला.

"चल, येऊ दे, येऊ दे!" आप्पा क्लीनरसारखे ओरडायला लागले. ट्रकने उसळी घेतली आणि बाहेर आला. चिखलाचा फवारा आप्पांना डोक्यापासून पायापर्यंत न्हाऊ घालून गेला. "वा गं पठ्ठे!" ते दात काढून नाचत होते.

उन्हं उतरता उतरता ट्रक नव्या दाराशी लागला. आईने आधी नवऱ्याकडे बघितलं, मग निथळणाऱ्या गालिच्याकडे. थोरली आप्पांच्या मागे सरकली.

"गेला का एकदाचा?" आईने सुस्कारा सोडला. "ती हरणं मला डोळ्यांसमोर नको व्हायची. पण तुम्ही आपले सारखे खाली बघत चालायचात. म्हटलं, यांना आवडतो."

"अडखळून पडू नये म्हणून बघत होतो गं!"

आई तोंडाला पदर लावून हसली. "माझ्या भावापाशी मात्र कुणी बोलायचं नाही हं."

तिने चहा केला. एरवी खेपेवरून आले, की आप्पा "रस्ता बरा होता" एवढंच सांगून आडवे व्हायचे. आज मात्र चिखलाच्या कपड्यांनिशी पायरीवर बसून त्यांनी टेकडीपासून सुरुवात केली. आई मध्येच थांबवून विचारत होती, "कुठल्या बाजूला? पक्षी केवढे होते?"

थोरलीने हलकी खोकी आत नेली. कपाट मात्र एकटीने उतरण्यासारखं नव्हतं. तिने दोनदा हाका मारल्या. कुणी ढुंकूनही बघेना. मग तिनेही कप उचलला आणि पायरीवर टेकली. आप्पा आत्ताशी कुठे सूर्यफुलांपर्यंत पोचले होते.