सात थेंबांचा गाल

यावर कोणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये. पण आंबट गोळ्यांच्या कारखान्यात चाखेकाकांच्या डाव्या गालाने एका यंत्राला घरी बसवलं.

तीस वर्षं काका गोळी जिभेवर ठेवून तिचा आंबटपणा ठरवत. मग कानापुढच्या लाळेच्या ग्रंथीत गाठ आली. डॉक्टरांनी ग्रंथीसकट ती काढली. जखम भरली, पण लाळ सुटण्याचा निरोप पोचवणाऱ्या नसांचे तुटके धागे वाढता वाढता वाट चुकले आणि पहिलं उघडं दार दिसलं तिथे शिरले. ते दार निघालं घामाचं! तेव्हापासून आंबट चाखलं की काकांचा गाल पाझरे. डॉक्टर म्हणाले, "होतं असं." इथवर सगळं खरं.

तेवढ्यात मालकांच्या जावयाने आंबटपणा मोजणारं यंत्र आणलं. काकांची खुर्ची जाणार, हे शिपायालाही कळलं. जिभेला तर पूर्वीची धार उरली नव्हती. काकांनी गाल पुढे केला.

"मालक, लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, माझ्या गालाला! तीन थेंब म्हणजे गोळी फिकी, सात म्हणजे अस्सल. यंत्राला येतो का घाम?"

"नाही बुवा," मालक गहिवरले. "माझ्यासाठी आजवर एवढा घाम कोणी गाळला नव्हता."

झालं! थेंबांचं स्वतंत्र खातं निघालं. टिपकागद धरायला एक कारकून, थेंब मोजायला दुसरा, आणि दोघांचं पटेना म्हणून वर एक साहेब. पंखे बंद ठेवण्याचं परिपत्रक फिरलं. जावई यंत्रावर टोपी अडकवू लागला. थेंब मात्र रोज सातच, एकही कमी नाही की जास्त नाही.

एके दिवशी निम्मा माल उचलणारं मोठं गिऱ्हाईक आलं. मालकांनी काकांना मधोमध बसवलं. पॅकिंगमधली आक्का नव्या गोळ्यांचा ट्रे घेऊन पुढे झाली. लिंबाचा वास खोलीभर दरवळला. आज गाल चुकला तर खुर्ची गेली, हे काकांना ठाऊक होतं. त्यांनी डोळे घट्ट मिटले.

टप. टप. टप. टप. टप. टप. टप.

"सात!" साहेब ओरडले. टाळ्या कडाडल्या. गिऱ्हाईकाने आ वासला.

"अस्सल माल!" काकांनी मिटल्या डोळ्यांनीच निकाल दिला. "जिभेला टेकताच ओळखला."

"अहो काका," आक्का म्हणाली, "गोळी अजून माझ्या चिमटीतच आहे. आधी तोंड तर उघडा!"