माझ्या चोवीस बिटांना हात लावू नका

मी एक जुनी, जाडजूड आवाजाची फाइल आहे. मला लहान करा म्हणणाऱ्यांना आधीच सांगते, जमणार नाही!

मित्रांनो, संगणक एका सेकंदात हजारो वेळा आवाज मोजतो. प्रत्येक माप किती बारीक, ते बिटांवर ठरते. माझे चोवीस आहेत. हळू आवाजाला ही बारकाई लागतेच. पण सॉफ्टवेअरने मला बत्तीस खणांत बसवले, त्यातले आठ रिकामेच. म्हणून सगळे मला फुगलेली म्हणतात. म्हणोत बापडे!

माझा जन्म एकोडी गावचा, २०१२ सालचा. दंडारीत, म्हणजे गावच्या लोकनाट्यात, गाऊन गाऊन कवडूबुवांचा घसा पार बसला होता. तरी लेक शालूसमोर त्यांनी एक गाणे म्हटले, आणि शेवटी हळूच तिला काही विचारले. पुढच्या वर्षी ते गेले. त्यांचा आवाज आता फक्त माझ्याजवळ आहे, आणि शालूला तो शेवट रोज ऐकायचा असतो.

तिचा नवा मोबाइल मला उघडेना, म्हणून ती मला साकोलीला भूपेंद्रच्या मोबाइल दुकानात घेऊन गेली. त्याने वरठीच्या जाणकार अश्विनला फोन लावला.

"आठ रिकामे हायेत ना? मंग आठ टाक," अश्विन म्हणाला.

म्हणजे टाकून दे. आणि या शहाण्या भूपेंद्रने बिटांच्या चौकटीत आठाचा आकडा टाकला! माझी आठ बिटांची नक्कल निघाली. त्यात गाणे कसेबसे वाजले, पुढे नुसती खरखर.

"बाबा कुठं गेले?" शालू रडवेली झाली.

"इतका हळू आवाज कोन आयकते, ताई?" भूपेंद्र म्हणाला. "जुनी फाइल उडवतो. कायले जागा अडवाची?"

अडवीन! हक्काने अडवीन! माझा नुसता संताप झाला.

शालूने त्याचा हात धरला. "उडवाची नाही! पयले अश्विनभाऊले इचारा."

भूपेंद्रने पुन्हा फोन लावून काय केले ते सांगितले. "अबे, टाक म्हंजे फेक!" अश्विन ओरडला. भूपेंद्रने जीभ चावली. त्याने माझे रिकामे आठ काढले आणि चोवीस राखले. मी मोबाइलवर वाजू लागले. गाणे संपले.

"शाले, जेवली काय वं?"

"जेवली ना, बाबा," शालू भर दुकानात म्हणाली.

मित्रांनो, ज्यांचा आवाज हळू आहे, त्यांचे काही पुसण्याआधी एकदा कान देऊन ऐका. तुम्हाला ऐकायचे नसेल तर नका ऐकू. मी मात्र जागा सोडणार नाही.