पुन्हा चिकटवलेला पुडा

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये त्याला सगळे उस्ताद म्हणायचे आणि तोही ऐटीत म्हणवून घ्यायचा. हाताला चवच तशी होती. दुपारची शिटी वाजली की कामगार हात न धुताच रांगेत घुसायचे, आणि हा पळी उगारून ओरडायचा, “आधी नळ, मग ताट!” मोठ्या साहेबांनी एकदा त्याच्या हातचा रस्सा चाटूनपुसून खाल्ला होता. ती गोष्ट त्याने किती जणांना ऐकवली असेल, देव जाणे. आणि ह्या माणसाची पोटची पोर त्याच्या हातचा एक घास तोंडात घेत नव्हती. आता बोला!

पोर म्हणजे काही लहान नव्हे, सव्वीस वर्षांची बाई. पण घरात ती बबडीच. बबडीला ऑटिझम होता. बोलायची मोजकं, मिक्सर लावला की कान झाकून कोपऱ्यात बसायची, आणि पोटाचं तर विचारूच नका. दुधाचा थेंब गेला तरी पोट टम्म फुगायचं, मग कळा आणि संडासच्या चकरा. लहानपणी सगळ्यांनी मिळून तिला फसवलं होतं. आजीने भातात गोळ्या कुटून घातल्या, मावशीने सरबतात औषध ढवळलं, वर “खा गं राणी, काही नाही त्यात” म्हणून गालगुच्चे. तेव्हापासून बबडीने उघड्या अन्नाचं नावच टाकलं. आईने समोर बसवून शिजवलेला कोरा भात, स्वतः सोललेलं केळं आणि एका कंपनीची बिनदुधाची बिस्किटं, तीही डोळ्यांसमोर पुडा फोडलेली. बस्स. रिकामा पुडा ती टाकत नसे. नखाने दाबून सपाट करायची, मधोमध एक घडी घालायची आणि पत्र्याच्या डब्यात एकावर एक रचून ठेवायची.

मग त्या कंपनीने ते बिस्किटच बंद केलं. दुकानदाराने कोपऱ्यातले राहिलेले पुडे काढून दिले, तेही संपले. दुसरी बिस्किटं बबडीने हुंगून बाजूला सारली. नुसत्या भातावर ती किती दिवस काढणार? गळ्याची हाडं वर आली, केस विंचरताना हातात यायला लागले. बायको तिच्यासमोर हसतमुख राहायची आणि मोरीत नळ सोडून रडायची.

उस्तादाच्या डोक्यात तेव्हा कल्पना आली. तो स्वतःवर इतका खूश झाला की वाटेत शीळच घालायला लागला. कॅन्टीनमध्ये भट्टी होती, खाऊच्या पिशव्यांची तोंडं चिकटवायचं मशीनही होतं. बबडीच्या डब्यातले तळाचे चार पुडे त्याने हळूच काढले. शेवटच्या पुड्यातलं एक बिस्किट त्याने नमुन्याला जपून ठेवलं होतं, ते समोर घेऊन पीठ मळलं. आकार जमला, वरची भोकंसुद्धा जमली. पण चव? नुसता पुठ्ठा! उस्तादाच्या हातून असला रद्दड माल बाहेर पडायचा? दुधाच्या पावडरीचा डबा हाताशीच होता. “एवढ्याशाने काय होतंय,” असं म्हणून त्याने मूठभर टाकली. बिस्किटं खमंग झाली. पुड्यात भरली, तोंड चिकटवलं आणि दुकानातून आणल्यासारखी घरी आणली.

“कुठे मिळाला हो?” बायकोचे डोळे चमकले.

“मिळाला एका ठिकाणी,” तो म्हणाला.

बबडीने पुडा उलटासुलटा केला, कडेवरून बोट फिरवलं. मग फोडला आणि एक बिस्किट खाल्लं. मग दुसरं. उस्ताद दाराच्या चौकटीला टेकून पाहत राहिला. हजारो माणसं जेवू घातली होती त्याने, पण असा ऊर कधी भरून आला नव्हता. माझ्या हातचं खातेय! कुणाला सांगायची सोय नव्हती, नाहीतर अख्ख्या कारखान्याला सांगत सुटला असता.

दुसऱ्याच दिवशी पोट बिघडलं. बबडी पोट धरून मोरीच्या उंबऱ्याशी कण्हत पडली, कपडे खराब झाले, आणि बायको तिला पुसत, धूत, पुन्हा पुसत बसली. उस्तादाला कळलं नाही म्हणता? लगेच कळलं. पण बोलायचं कोणत्या तोंडाने? आणि ती खात होती ना! पुढच्या खेपेला पावडर अर्धी करू, असं त्याने मनाशी ठरवलं, आणि खरंच अर्धी केली. बंद नाही केली. चवीसाठी! स्वतःच्या मुलीच्या आतड्यांपेक्षा त्याला स्वतःच्या हाताची चव मोठी वाटली. पुढे आयुष्यभर हे आठवलं की शरमेने त्याला अंगावरचे कपडेसुद्धा नकोसे व्हायचे.

डॉक्टरीणबाईंनी बबडीचं पोट तपासलं. “नवीन काही खाण्यात आलं का?”

“नाही हो,” बायको म्हणाली. “तेच बिस्किट, तोच पुडा. माझ्यासमोर फोडलेला.”

“घरात स्वच्छता असते ना? भांडी, हात?”

बायकोचा चेहरा पडला. धुऊन धुऊन तिच्या बोटांची सालं निघाली होती, ती बोटं तिने पदराखाली लपवली. “धुते हो मी. नीट धुते,” ती पुटपुटली. उस्ताद शेजारच्याच खुर्चीत मूग गिळून बसला होता.

“मग गव्हाचीच शंका घ्यावी लागेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “बिस्किटं कायमची बंद. आणि वजन असंच उतरत राहिलं तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल.”

कानाला कुणी हात लावला तर किंचाळणारी पोर, तिच्या नाकात नळी! त्याने तोंड उघडलं. पुन्हा मिटलं.

तेवढ्यात बबडीने पिशवीतून पुडा काढून टेबलावर ठेवला. “बाबांची बिस्किटं,” ती म्हणाली. “कागद माझा आहे. डब्यातला. ही घडी माझी आहे.”

बायकोने पुडा उचलला. चिकटवलेल्या कडेला जुन्या जोडाशेजारी नवा जोड दिसत होता. तिने वळून नवऱ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“दुधाची पावडर घातली मी,” तो म्हणाला. “पहिल्यांदा पोट बिघडलं तेव्हाच कळलं होतं मला. तरी घातली.”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. बबडीकडे वाकून हळू आवाजात म्हणाल्या, “तुला माहीत होतं? मग का गं खाल्लंस? दुखत होतं ना?”

“दुखत होतं,” बबडी म्हणाली. “बाबा बघत होते.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

त्या आठवड्यात त्याने कॅन्टीनमधून सुट्टी काढली. कुणी उस्ताद म्हणून हाक मारली की त्याला तोंडात मारल्यासारखं होत होतं. पोट शांत झाल्यावर एके सकाळी त्याने नवं पीठ, मीठ, साखर, तेल असं सगळं बबडीसमोर मांडलं. प्रत्येक डबा तिला हुंगू दिला. कॅन्टीनच्या फोडणीचा वास नको म्हणून अंघोळ करून कोरे कपडे घातले होते. बिस्किटं फिकट झाली, पुठ्ठ्यासारखी. पुडा नाही, मशीन नाही. उघड्या ताटलीत त्याने ती तिच्यासमोर ठेवली आणि सवयीने चौकटीला जाऊन टेकला.

बबडीने ताटलीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“बाबा, बघू नका.”

तो बाहेर व्हरांड्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बराच वेळ गेला. मग कुरुम-कुरुम असा बारीक आवाज आला, थांबला आणि पुन्हा आला.

त्याने मान वळवली नाही.