साडेतीन बोटं

मालावरचं तेल काढायच्या टाकीवर दाजी आणि निकेलचा मुलामा चढवायच्या टाकीवर मी, अशी आमची दहा वर्षं गेली. दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. या कारखान्यात मला चिकटवलं तेही त्यांनीच. गरम कॉस्टिक सोड्यातून काढलेली दाराची प्रत्येक मूठ ते पाण्यात बुडवून उजेडात धरायचे. पाणी सलग पसरलं तर मूठ स्वच्छ, थेंब थेंब झालं तर परत टाकीत. त्यांच्या हातचा माल मी कधी पुन्हा तपासला नाही.

पुढचा नियम माझा: स्वच्छ मुठीला उघडा हात लावायचा नाही. झोपेतही सांगेन. पण ॲसिडने माझे तळवे उलले होते, रबरी हातमोजे घातले की जीव जायचा. त्या सकाळी मुलीने हट्टाने हातांना मलम चोळलं आणि मी शहाण्याने हातमोजे काढून ठेवले. नुसतं आकड्याला तर अडकवायचंय, त्यात काय होतंय!

आठवड्याने अख्खा लॉट परत आला. निकेलचे पापुद्रे सुटले होते. मालकांनी लांबूनच पाहिलं आणि दाजींना सगळ्यांदेखत झापलं. "तेल राहिलं तुमच्याकडून. दिसत नसेल तर घरी बसा. उद्यापासून येऊ नका."

मी शेजारीच उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. लाज वाटते सांगायला, तेव्हा मला फक्त माझी नोकरी दिसत होती.

डबा, टॉवेल आवरून झाल्यावर दाजींनी खोक्यातली एक मूठ सवयीने खिडकीपाशी धरली. निकेल गेलेल्या जागी बोटं उमटली होती. तीन पूर्ण, एक अर्धं. माझं अर्धं बोट पॉलिशच्या चाकाने खाल्लंय, हे इथे कोणाला माहीत नाही? त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग खोकं ओढत नेलं आणि सगळ्या मुठी निकेल उतरवायच्या ॲसिडमध्ये सोडून दिल्या.

"आधी साबणाने हात धू," एवढंच म्हणाले आणि गेले.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "अरे, हे काही बोलतच नाहीत. तीस वर्षांत एकदा चुकले नाहीत, आत्ताच कसे चुकले रे?"

मुलगी माझा दुसरा हात मांडीवर घेऊन मलम लावत होती.

"वय झालं ताई त्यांचं," मी म्हणालो.