गुळगुळीत पायांचा संत

मित्रांनो, मी एक जुना सागवानी पुतळा आहे. नाशिकमधल्या एका लहानशा चर्चच्या कोनाड्यात मी उभा असतो. मला संत कामिलस यांचं रूप दिलं आहे. तरुणपणी ते सैनिक होते, जुगारीही होते. त्यांच्या पायाची जखम जन्मभर भरली नाही. तरी त्याच पायाने लंगडत त्यांनी रोममधल्या रोग्यांची घाण काढली, त्यांना घास भरवले. माझे पाय मात्र सुताराने रंधा मारून अगदी गुळगुळीत केले.

गेल्या जुलैत संतांचा सण होता. चर्चच्या कमिटीतल्या ललितदादांनी मला मखमली शाल पांघरली आणि झेंडूचा हार घातला. हार दारात फुलं विकणाऱ्या नवसाबाईंकडचाच होता. साखरेच्या आजाराने त्यांचा पाय चिघळला होता.

“मावशी, आज पाहुणे येणारेत. तेवढं फाटकाबाहेर बसा. वास येतो,” ललितदादा म्हणाले.

“बरं दादा, सरकते,” म्हणत नवसाबाई पाटी घेऊन पावसात गेल्या.

आत फादर संतांच्या जखमेबद्दल बोलू लागले. लोक डोळे पुसत होते. त्या मखमलीखाली मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मिस्साची प्रार्थना संपते न संपते तोच बाहेर आरडाओरड झाली. नवसाबाई कोसळल्या होत्या. सिस्टर प्रतिभांनी त्यांना आत आणून बाकावर निजवलं आणि माझ्या अंगावरची शाल ओढली.

“सिस्टर, ती संतांची आहे!” ललितदादा ओरडले.

“संतांना थंडी वाजते का? हिचं अंग बघा, कसं थडथड उडतंय!”

ललितदादांची मान खाली गेली. मग त्यांनीच नवसाबाईंना उचललं, आपल्या गाडीत घातलं. दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली, पण पाय वाचला.

आणि आता लोक म्हणतात, संतांनी चमत्कार केला! मेणबत्त्या वाढल्या, नवी शाल आली. नवसाबाईसुद्धा काठी टेकत येतात आणि हात जोडतात. “बाबा, तुझ्यामुळं वाचले मी.”

मित्रांनो, मी जागचा हललोसुद्धा नव्हतो. माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. आधी दारात बसलेल्या माणसाची विचारपूस करा. आणि हार घालताना माझ्या डोळ्यांत बघू नका. लाजेनं मिटायच्या म्हटलं तरी लाकडाच्या पापण्या मिटत नाहीत हो.